समुद्री बर्फ घटला, तर समुद्राला काहीच फरक पडत नाही?

‘ग्लासातला बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही, मग ध्रुवांवरचा तरंगता बर्फ घटला तर बिघडलं कुठे?’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

पातळीपुरतं ते जवळपास बरोबर आहे. पण खरा प्रश्न मिठाचा आहे.

घरी करून बघा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा; समुद्र साधारण एवढाच खारट असतो. फ्रीजरमध्ये अर्धवट गोठू द्या. बर्फ झटकन धुऊन चाखा, मग उरलेलं पाणी चाखा. बर्फ कमी खारट लागेल आणि पाणी आधीपेक्षा जास्त, कारण गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं.

अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल आणि रॉस समुद्रांत हेच प्रचंड प्रमाणावर घडतं. ते गार, खारं, जड पाणी ऑक्सिजन घेऊन तळाशी बुडतं आणि तळातळाने उत्तरेकडे सरकत हिंदी महासागरातही येतं. नवा बर्फ कमी झाला की हे बुडणं मंदावतं. शिवाय वितळलेलं गोडं पाणी हलकं असल्याने वरच पसरतं आणि वरचं-खालचं पाणी मिसळू देत नाही.

हा बदल पातळी मोजून कळत नाही. त्यासाठी खोलवरचा खारटपणा आणि तापमान पाहावं लागतं; ते मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणांच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत.