सायनसच्या दुर्बीण शस्त्रक्रियेतील रक्तस्राव-नियंत्रण

नाकपुडीतून दुर्बीण घालून सायनसवर (नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांवर) शस्त्रक्रिया करताना डोळ्यांसमोरचे क्षेत्र स्वच्छ राहावे म्हणून योजल्या जाणाऱ्या उपायांची ही संज्ञा आहे. ही शस्त्रक्रिया-पद्धत मेसरक्लिंगर व स्टॅमबर्गर या शल्यचिकित्सकांनी ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे विकसित केली आणि १९८० च्या दशकात ती सर्वत्र पसरली. यात एकूण रक्त सहसा फारसे जात नाही. परंतु सुमारे ४ मिमी. व्यासाच्या दुर्बिणीच्या भिंगावर एक थेंब पसरला, तरी पडद्यावर नुसता लाल रंग उरतो. आणि डोळ्याची खोबण व मेंदूचा तळ तेथून काही मिलिमीटरांवरच असल्यामुळे अंदाजाने पुढे जाणे घातक ठरते.

नाकाच्या मागील भागाला मुख्यतः स्फेनोपॅलटाइन धमनी, तर वरच्या भागाला अग्र व पश्च एथमॉइड धमन्या रक्त पुरवतात. तथापि बहुतेक स्राव सुजलेल्या श्लेष्मल त्वचेतील केशवाहिन्यांतून झिरपतो. म्हणून पॉलिप (श्लेष्मल त्वचेची मऊ, लोंबती वाढ) असलेल्या रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस स्टेरॉइड देतात. रक्त पातळ करणारी औषधे थांबवावीत की नाही, हे मात्र हृदयविकाराचा धोका तोलूनच ठरवावे लागते.

नाकात औषध लावून रक्तवाहिन्या आकुंचित करण्याची प्रथा दुर्बिणीहून जुनी आहे. कोकेन, सोडियम बायकार्बोनेट व ॲड्रेनलिन यांचे मॉफेट द्रावण बहुधा १९४० च्या दशकातील असावे. आज १:१००० ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या, दोरा लावलेल्या पट्ट्या नाकात ठेवतात. टोचण्यासाठी मात्र त्याहून कितीतरी विरळ, साधारण १:१,००,००० चे द्रावण घेतात. लावायचे द्रावण चुकून टोचले गेल्यास हृदयावर गंभीर परिणाम होतो, म्हणून काही ठिकाणी त्यात रंग मिसळून ठेवतात. ही खबरदारी सर्वत्र घेतली जावी.

खरा वाद भुलीविषयी आहे. भुलीत रक्तदाब जितका कमी तितका स्राव कमी, अशी जुनी धारणा होती. बोझार्ट व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सोडियम नायट्रोप्रसाइड व एस्मोलॉल या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांची तुलना केली, तेव्हा एस्मोलॉलने दाब तितका न उतरवताही क्षेत्र अधिक स्वच्छ राहिल्याचे आढळले. याचे कारण असे असावे, की नायट्रोप्रसाइडने वाहिन्या रुंदावतात व प्रतिक्षेपाने नाडी वाढते, तर एस्मोलॉलने नाडी मंदावते. याच अभ्यासातील ० ते ५ ही स्राव-श्रेणी पुढे रूढ झाली. प्रोपोफॉल व रेमिफेंटानिल शिरेतून देऊन केलेली भूल वायुरूप भुलीहून सरस ठरते, असे अनेकांचे मत आहे; मात्र उपलब्ध पुरावा एकसारखा नाही. दाब फार उतरवल्यास मेंदू व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, हे ध्यानी घेता सरासरी धमनीदाब ६० ते ७० मिमी. पाऱ्याच्या आसपास ठेवून नाडी संथ राखण्याकडे असलेला कल अधिक सयुक्तिक वाटतो. डोके १५ ते २० अंश उंच ठेवल्याने शिरांतील दाबही उतरतो. रक्ताची गुठळी विरघळू न देणारे ट्रानेक्झामिक आम्लही शिरेतून किंवा थेट नाकात वापरले जाते.

मोठी वाहिनी तुटल्यास ती बायपोलर विद्युत्-दाहकाने बंद करतात. अग्र एथमॉइड धमनी तुटून खोबणीत आखडली, तर तेथे रक्त साठून दृष्टी जाण्याची भीती असते. अशा वेळी डोळ्याचा बाहेरचा कोपरा तातडीने छेदून दाब मोकळा करावा लागतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमनीची इजा विरळ पण प्राणघातक असते. तीत चेचलेला स्नायूचा तुकडा दाबून धरतात आणि पुढे रुग्णाला रक्तवाहिनीच्या आतून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे सोपवतात.