फोंतेन्हास (पणजी) : वारसास्थळांची पायी भेट

पश्चिमेला आल्तिनो टेकडी आणि पूर्वेला ओरेंची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेला पणजीतील जुना वाडा, म्हणजे वस्ती. दक्षिणेस मळा आणि उत्तरेस सां तोमे हे भाग. हा भाग जागतिक वारसा यादीत असल्याचे सर्रास लिहिले जाते, ते खरे नाही. 1986 साली त्या यादीत आली ती जुने गोवे येथील चर्च आणि मठ. फोंतेन्हासला संरक्षण आहे ते गोव्याच्या नगरनियोजनातील संरक्षित क्षेत्र म्हणून.

येथे पूर्वी माडांचे भाट (बाग) होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोझांबिकहून पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेरा यांनी ते वसवले. 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीतील आदिलशहाच्या राजवाड्यात आले आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. कारकून, अधिकारी, व्यापारी यांना घरे हवी होती. ती या पट्टीत दाटीने उभी राहिली. रस्ते अरुंद आहेत ते त्यामुळे.

वाडा समजून घ्यायचा तर मळ्याकडून, फेनिक्सच्या झऱ्यापासून चालायला सुरुवात करावी. आल्तिनोच्या पायथ्याशी, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींनी बांधून काढलेला हा झरा म्हणजे या वस्तीचे मूळ. वाड्याला नावही झऱ्यावरूनच मिळाले. बहुतेक लोक रंगीत गल्लीतूनच परत फिरतात आणि झरा राहून जातो. मग घरे नुसती सुंदर दिसतात, ती इथेच का उभी राहिली हे कळत नाही. जवळच्या पायऱ्यांनी मारुतीगडावर चढता येते. वरच्या मारुती मंदिरापासून खाली वाड्याची कौले आणि पलीकडे खाडी एका नजरेत येते.

खाली उतरून उत्तरेकडे निघाले की सां सेबास्तियांवचे कपेल (लहान चर्च) लागते. आतला मोठा क्रूस मूळचा जुने गोवे येथील इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातील धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला. तेथून तो पणजीत आदिलशहाच्या राजवाड्यात आला आणि मग या कपेलात. यावरील ख्रिस्ताची मान ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत. क्रूसावरील ख्रिस्त सहसा मान टाकलेला, डोळे मिटलेला असतो, म्हणून हा फरक मुद्दाम थांबून पाहावा. प्रार्थनेची वेळ सोडली तर कपेलाचे दार बहुधा बंदच असते. मिस्सा (चर्चमधील सामूहिक प्रार्थना) चालू असताना आत फिरू नये. संपेपर्यंत थांबावे, मग विचारून आत जावे.

कपेलापासून पुढे 31 जानेवारी मार्ग आणि त्याला समांतर गल्ल्या यांत घरे पाहायची. भिंती चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा, छप्पर मंगळुरी कौलांचे, सज्जांना लोखंडी कठडे, दाराशेजारी हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशीवर घराचे नाव. पांढरा रंग चर्च-कपेलांसाठी राखलेला आणि घरांना पिवळा, निळा, तांबडा, हिरवा असा जुना प्रघात. पावसाळा संपला की घरे रंगवायची.

हा रंग टिकतो की सोलतो, हे गिलाव्यावर ठरते. चिरा सच्छिद्र असतो आणि खाडीकाठच्या जमिनीतली ओल तो वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल वाळून जाते. डागडुजी करताना सिमेंट थापले की ओल आत कोंडते, गुडघ्याच्या उंचीपर्यंत क्षार फुटून येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. भिंतीचा खालचा हातभर भाग पाहिला की कोणते घर कशाने दुरुस्त झाले ते बरेचदा ओळखता येते. खिडक्यांचेही तसेच. जुन्या झडपांमध्ये काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. त्यांतून उजेड येतो, झळ येत नाही. या शिंपल्याच्या कालवाला आता वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्यामुळे फुटलेला तुकडा बदलणे अवघड जाते. अशी खिडकी दिसली तर हात न लावता पाहावी.

येथे माणसे राहतात, ही सर्वांत मोठी गोष्ट. पर्यटकांविषयीच्या तक्रारी बहुतेक छायाचित्रांवरून होतात: कुणाच्या पायरीवर बसणे, खिडकीतून कॅमेरा आत वळवणे, लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपड्यांच्या बॅगा घेऊन गल्ली अडवणे. रस्त्यावरून दर्शनी भाग टिपायला सहसा हरकत नसते. बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), अंगण, दार यांसाठी घरच्यांना विचारावे, आणि मनाईची पाटी असेल तर विचारूही नये.

सकाळी साडेसात ते दहा ही वेळ उत्तम. टेकडी पश्चिमेला असल्याने पूर्वाभिमुख घरांवर सकाळीच ऊन पडते. दुपारनंतर ती सावलीत जातात आणि संध्याकाळ येथे लवकर होते. दुपारी एक ते साडेतीनच्या सुमारास दुकाने मिटतात, लोक वामकुक्षी घेतात, त्या वेळी गल्लीत मोठ्याने बोलणे टाळावे. फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेतील आंतोनियो शावियेर त्रिंदाद (1870–1935) यांची चित्रे पाहायची असतील तर वेळ आधी विचारून ठेवावी. सांगे येथे जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत असे. मराठी वाचकाने ती चुकवू नयेत.

उत्तर टोकाला सां तोमे. तेथील टपाल कार्यालय पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची वखार होती आणि शेजारच्या घरात काही वर्षे टांकसाळ चाले. रमतगमत सगळे पाहायला अडीच ते तीन तास पुरतात.

चारचाकी आत आणू नये. समोरून दुसरी आली की दोन्ही अडकतात. गाडी खाडीपलीकडच्या पाटो भागात ठेवावी. कदंब बसस्थानकावरून खाडीचा पूल ओलांडून चालतच येता येते. जून ते सप्टेंबरमध्ये मारुतीगडाच्या पायऱ्या शेवाळतात, रबरी तळव्याची पादत्राणे घालावी. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली तर खाडी पाणी घेत नाही आणि मळ्यात पाणी तुंबते. अशा दिवशी भरतीची वेळ पाहूनच निघावे.