एएमटीचा एम मोड आणि टॉर्क कन्व्हर्टरचा एम मोड, दोन्ही एकच समजू नका

ऑटोमॅटिक गाडीत डी (ड्राइव्ह) च्या शेजारी एम (मॅन्युअल) आणि प्लस-मायनस दिसलं की बऱ्याच जणांना वाटतं दांडा तिकडे सरकवला की झाली गाडी मॅन्युअल. तसं काही होत नाही हो. तुम्ही मायनस केलंत की फक्त गिअरबॉक्सच्या कंप्युटरला निरोप जातो की बाबा एक गिअर खाली टाक, मग तो स्पीड बघणार, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघणार, आणि पटलं तरच टाकणार. 80 च्या स्पीडला पहिला मागितलात तर तो सरळ दुर्लक्ष करतो, नाहीतर इंजिनचे बारा वाजले असते. आणि सिग्नलला थांबलात की तुम्ही काही न करता स्वतःच पहिल्यावर येऊन बसतो.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन प्रकार, इथपर्यंत दोघं सारखे, निरोप पोचल्यावर आत जे होतं ते मात्र पार वेगळं.

एएमटी आपल्याकडे 2014 ला मारुतीच्या सेलेरिओतून आली (मारुती त्याला एजीएस म्हणते) आणि स्वस्तात ऑटोमॅटिक म्हणून धडाधड खपली. स्वस्त का, तर आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलवालाच आहे, क्लच प्लेटही तीच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला अॅक्च्युएटर (तुमच्या हातापायाचं काम करणारी यंत्रणा) बसवलेत. म्हणजे तुम्ही प्लस केलंत की क्लच सुटतो, जुना गिअर निघतो, नवीन पडतो, क्लच परत धरतो, आणि तेवढ्या वेळात चाकांना ताकदच मिळत नाही, म्हणून गाडी मान हलवते. यावर उपाय एकच, प्लस करताना अॅक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका करायचा, जसा मॅन्युअलमध्ये आपोआप होतो तसा. डी मध्ये गिअर कधी बदलणार ते कळत नाही पण एम मध्ये तुम्हीच ठरवताय, त्यामुळे हे नीट जमतं आणि झटका जवळजवळ गायब होतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (2022 नंतरची सहा गिअरवाली ऑटोमॅटिक ब्रेझा किंवा अर्टिगा घ्या, स्टिअरिंगमागे पॅडलही आहेत) इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, आत प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) आणि तेलात बुडालेले क्लच पॅक (क्लच प्लेटांचे गठ्ठे), एक पॅक सुटत असतानाच दुसरा पकडतो. ताकद तुटतच नाही. इथे पाय हलका करायची गरज नाही, उलट केलात तर उगाच पिकअप घालवाल.

खरा फरक घाटात कळतो. कसारा घाट चढताना पुढे कंटेनर रांगतोय आणि एएमटी डी मध्ये असेल तर ती दुसरा-तिसरा-दुसरा करत बसते, दर वेळी ताकद तुटते, मागचा हॉर्न मारतो. सरळ एम ला घ्या, दुसऱ्यावर ठेवा, विषय संपला. टॉर्क कन्व्हर्टरलाही हे करता येतं पण तिथे डी मध्येही फार अडत नाही, म्हणून माझ्या मते चढताना एम ची खरी गरज एएमटीवाल्यालाच, शोरूममध्ये तो स्पोर्टी म्हणून दाखवतात ते सोडून द्या.

उतरताना दोघांनाही एम हवाच, सारखा ब्रेक दाबून ब्रेक तापवण्यापेक्षा दुसरा किंवा तिसरा टाकून इंजिनलाच गाडी धरू द्या. एएमटीत प्लेट थेट जोडलेली असते त्यामुळे इंजिन लगेच धरतं, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आतला लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) लागलेला असेल तर तसंच घट्ट, सुटलेला असेल तर जरा मऊ. बऱ्याच जुन्या चार गिअरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये एम नव्हता, 2 आणि एल (लो) होते, 2 म्हणजे गाडी दुसऱ्याच्या वर जाणार नाही एवढंच, पहिला-दुसरा ती स्वतः बदलायची.

आणि एक, एएमटी चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर तोलून उभी करू नका, डी असो की एम, क्लच प्लेट जळते, ब्रेक दाबा. बहुतेक एएमटीत पी (पार्क) नसतो, त्यामुळे पार्क करताना गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा.