मिश्र मांडणी (प्रतिकृती रेल्वे)

रुळांतला विद्युत्दाब कमी-जास्त करून चालवायची जुनी पारंपरिक इंजिने आणि डिजिटल आज्ञांवर चालणारी नवी इंजिने एकाच लेआउटवर, म्हणजे छोट्या प्रतिकृती रेल्वेच्या रुळांच्या मांडणीवर, चालवण्याची व्यवस्था. हौशी माणसाकडे वर्षानुवर्षे जमवलेली जुनी इंजिने असतात. प्रत्येकात डिकोडर, म्हणजे डिजिटल आज्ञा ओळखणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, बसवणे खर्चाचे असते आणि लहान इंजिनांत त्याला जागाही नसते. म्हणून दोन्ही पद्धती सोबत नांदवाव्या लागतात.

पारंपरिक पद्धतीत कंट्रोलरमधून रुळांत शून्य ते साधारण १२ व्होल्टपर्यंत एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी, सोडतात. दाब वाढला की वेग वाढतो आणि ध्रुव उलटले की दिशा उलटते. त्या रुळावरची सगळी इंजिने एकाच वेळी हलतात. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या, तर रुळांचे विजेच्या दृष्टीने अलग असे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र स्विच द्यावा लागतो.

डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीत, रुळांत पूर्ण दाब कायम असतो. एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या प्रतिकृतीत, तो सुमारे १४ ते १६ व्होल्ट असतो. हा प्रवाह अतिशय वेगाने ध्रुव बदलत राहतो आणि या बदलांच्या कालावधीतच आज्ञा दडलेली असते. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ‘एक’, १०० किंवा त्याहून अधिक असेल तर ‘शून्य’. इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्याची आज्ञा तेवढी उचलतो आणि मोटरला हवी तेवढी वीज देतो. एकाच रुळावरून एकाहून अधिक इंजिने स्वतंत्रपणे चालवण्याचे प्रयत्न डीसीसीच्या आधीपासून होत होते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकची ‘अ‍ॅस्ट्रॅक’ १९६० च्या दशकात आली, ब्रिटनमध्ये हॉर्नबीची ‘झिरो वन’ १९७९ मध्ये. आजची डीसीसी जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामावर उभी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रतिकृती रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात तिला मानकांचे रूप दिल्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर चालू लागला.

साधे इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवले, तर मोटरला उलटसुलट धक्के बसत राहतात. ती गुणगुणते आणि उभ्या जागी तापते. काही यंत्रणांत ‘शून्य’ लहरीची एक बाजू लांबवून, शून्य पत्त्यावर, असे एक साधे इंजिन चालवण्याची सोय असते. काहींत ती मुळीच नसते. असली तरी ती वापरू नये, असेच या नोंदीचे मत आहे. थांबलेल्या इंजिनाची मोटर तापतच राहते, आणि लोखंडी गाभा नसलेल्या, म्हणजे कोअरलेस, मोटरची गुंडाळी थोड्याच वेळात जळू शकते.

उलट डिकोडर असलेले इंजिन डीसी रुळावर बहुधा चालते, मात्र उशिरा हलते. डिकोडरला स्वतःलाच जागे व्हायला पाचसहा व्होल्ट लागतात, आवाजाचा डिकोडर असेल तर त्याहूनही जास्त. त्यामुळे साधे इंजिन आणि डिकोडरचे इंजिन एकाच गाडीला जोडू नये. एक ओढू लागलेले असते तेव्हा दुसरे अजून उभेच असते.

घरच्या मांडणीसाठी सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे सगळ्या लेआउटला एकच मोठा स्विच: एका बाजूला डीसी, दुसऱ्या बाजूला डीसीसी आणि मधोमध ‘बंद’. हा दोन ध्रुवांचा दुहेरी स्विच असतो; पहिला संपर्क पूर्ण तुटल्यावरच दुसरा जोडला गेला पाहिजे. डीसीसीकडे वळवण्याआधी साधी इंजिने रुळावरून उचलून ठेवावी लागतात किंवा वीज तोडलेल्या सायडिंगमध्ये उभी करावी लागतात.

एकाच वेळी दोन्ही पद्धती हव्या असतील, तर काही तुकडे डीसीचे आणि काही डीसीसीचे करतात. खरा धोका त्यांच्या सीमेवर असतो. इंजिनाची पुढची चाके एका तुकड्यात आणि मागची दुसऱ्यात असली, की दोन्ही यंत्रणा त्या इंजिनातून जोडल्या जातात आणि डीसीचा कंट्रोलर किंवा डीसीसीचा बूस्टर, म्हणजे रुळांत डिजिटल प्रवाह सोडणारे यंत्र, जळू शकतो. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांच्या संचांतून वीज घेणारे दिव्यांचे डबेही हेच करतात. म्हणून सीमेवर सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब असा मधला तुकडा ठेवतात. गाडी पूर्ण आत आली की ती थांबवायची, त्या तुकड्याचा स्विच पलटायचा, मग पुढे न्यायची. सीमेवर दोन्ही रूळ कापलेले असले पाहिजेत; एकच कापून भागत नाही.

मराठवाड्यात या फटींकडे अधिक लक्ष द्यावे लागते. हिवाळ्यातल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीतल्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा ३ मीटर रूळ तेवढ्याने सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. करवतीने पाडलेली फट साधारण १ मिलिमीटरची असते. त्यात कोरड्या उन्हाळ्यात प्लायवूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. जानेवारीत नीट चालणारी मांडणी मेमध्ये फट मिटून दोन यंत्रणांना परस्पर जोडू शकते, आणि तेही बाहेरून काही न दिसता. उपाय सोपा आहे: फट नुसती उघडी सोडू नये, प्लास्टिकचे जोड वापरावेत किंवा तीत प्लास्टिकची चकती चिकटवून रुळाच्या आकारात घासून घ्यावी. उन्हाळा सुरू झाला की मल्टिमीटरने प्रत्येक सीमा तपासावी. धूळही इथे भरपूर, आणि डीसीसीला मळका रूळ जास्त बाधतो, कारण संपर्क तुटला की आज्ञाही तुटते.

भारनियमनाचा प्रश्न वेगळा. वीज परत येते तेव्हा डिकोडरला डिजिटल संकेताआधी क्षणभर साधा प्रवाह मिळाला, तर तो आपण डीसीवर आहोत असे समजून इंजिन भरधाव सोडू शकतो. डिकोडरच्या स्मृतीतल्या सीव्ही २९ या नोंदीतली डीसीची परवानगी काढून घेतली की हे थांबते. बहुतेक डिकोडरांत या नोंदीचे मूल्य ६ असते, ते २ करावे लागते. पण मग ते इंजिन डीसीच्या तुकड्यात चालणार नाही. दोन्हीकडे फिरवायची इंजिने थोडीच ठेवावीत, बाकीच्यांची परवानगी काढून टाकावी.

या प्रदेशाचा रेल्वे-इतिहास मिश्र मांडणीला फार अनुकूल आहे. मनमाड–छत्रपती संभाजीनगर–नांदेड हा निजाम राजवटीतला मार्ग मीटरगेजचा होता आणि मनमाडला तो ब्रॉडगेजला भेटत असे. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज रूळ १९११ मध्ये लातूरपर्यंत आला. १:८७ प्रमाणात मीटरगेजला १२ मिलिमीटरचा आणि बार्शी लाइटला ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. ब्रॉडगेजला खरे तर १९.३ मिलिमीटर लागतील, पण तयार रूळ व चाके मिळतात म्हणून १६.५ मिलिमीटरवर भागवतात. वेगवेगळ्या गेजचे रूळ एकमेकांना जोडलेलेच नसतात, त्यामुळे सीमेचा धोका आपोआप टळतो. नॅरोगेजच्या इवल्या इंजिनात डिकोडर मावणे अवघड. ती डीसीवर ठेवावी आणि शेजारची ब्रॉडगेज डीसीसीवर चालवावी. दोन्हींचे कंट्रोलर आणि परतीच्या तारा मात्र पूर्ण वेगळ्या हव्यात. एक समाईक तार ठेवून बचत करायला जाऊ नये.