‘एमडी’ची दोन अक्षरं आणि नैराश्याची गोळी

ठाण्यात किंवा वाशीत दवाखान्याच्या पाटीवर ‘एमडी’ असतं ते पदवी म्हणून. पोलिसांच्या पंचनाम्यात तीच दोन अक्षरं मेफेड्रोन या कृत्रिम, उत्तेजक अमली पदार्थासाठी येतात. पार्टीला जाणारी पोरं कधीकधी एक्स्टसीच्या गोळीला, म्हणजे एमडीएमएलाही, एमडीच म्हणून मोकळी होतात. नैराश्यावरचे उपचार चालू असताना नशा केली तर काय होतं, या प्रश्नाचा निम्मा गुंता इथेच आहे, कारण इंटरनेटवर वाचायला मिळणारे बरेचसे इशारे एमडीएमएविषयी असतात आणि इथे पुडीत मिळते ती बहुधा मेफेड्रोनची पूड.

नैराश्याच्या औषधासोबत दुसरं काही पोटात गेल्याने होणाऱ्या धोक्याची पहिली ओळख मात्र नशेतून झाली नाही. १९५० च्या दशकात क्षयावरच्या आयप्रोनियाझिडने रुग्णांचा मूड सुधारतो हे दिसलं आणि त्यातून नैराश्यावरची एमएओआय गटाची औषधं आली. पुढच्या दशकात मुरलेलं चीज खाल्ल्याने ती घेणाऱ्यांचा रक्तदाब भडकतो हे कळलं. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीला मान्यता मिळाली आणि एसएसआरआय या नव्या औषधगटाचा काळ सुरू झाला. खाण्यापिण्याची ती पथ्यं गेली, त्यामुळे ‘या गोळ्यांना काही होत नाही’ असा समजही पसरला.

काही होतं की नाही, ते सोबत काय घेतलं यावर ठरतं. एमडीएमए ज्या दारातून मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मूडशी निगडित रसायन, बाहेर ढकलतं, तेच दार एसएसआरआय अडवून धरतं. त्यामुळे किक कमी बसते, माणूस एक्स्टसीची दुसरी गोळी घेतो, मग तिसरी. मोक्लोबेमाइडसारख्या एमएओआय औषधासोबत एमडीएमए घेतल्यावर तर मृत्यू नोंदले गेले आहेत. मेफेड्रोन सेरोटोनिनबरोबर डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनालाही ढकलतं आणि लवकर उतरतं, म्हणून एका रात्रीत पुन्हापुन्हा घेतलं जातं. शिवाय ते शरीरातून काढणारं यकृतातलं मुख्य एन्झाइम फ्लुओक्सेटिन आणि त्याच गटातल्या पॅरॉक्सेटिनमुळे मंदावतं. नेहमीच्याच मापाची पूड मग जास्त चढू शकते.

आता मेफेड्रोनवरच्या बंदीचा २०१५ चा निर्णय. ब्रिटनने मेफेड्रोनवर एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ते अमली पदार्थ कायद्याच्या यादीत यायला फेब्रुवारी २०१५ उजाडला. मधल्या काळात ‘म्याव म्याव’ या लाडिक नावाने ते मुंबई-ठाण्यात पसरलं आणि पोलिसांना तो कायदा लावता येत नव्हता. बंदी आवश्यक होती, यावर फारसं दुमत नाही. वाद आहे तो ती उशिरा आली की नाही आणि आल्यावर तिने काय केलं, यावर. कायद्याने दोन पदार्थ नीट वेगळे ठेवले: व्यापारी प्रमाण, म्हणजे सर्वात कडक शिक्षा लागू होते ते माप, एमडीएमएसाठी १० ग्रॅम, मेफेड्रोनसाठी ५०. रस्त्यावरच्या भाषेने मात्र ते एकच करून टाकले. आणि सेवन हाही गुन्हा असल्याने, आठवड्यातून एकदा ‘करणारा’ मुलगा मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून ते सांगेलच असं नाही. याच कायद्याचं कलम ६४ अ स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यातून सूट देतं. मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. छाप्यांच्या बातम्या येतात त्या जोमाने या तरतुदी कुणी छापल्याचं आठवत नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे घोडबंदर रस्त्यालगत खाडीकाठच्या पार्टीवर छापा पडला तेव्हाही बातमी होती ती ताब्यात घेतलेल्यांच्या संख्येची.

न सांगण्यातूनच एक घातक तोडगा निघाला आहे: शनिवारच्या पार्टीसाठी गुरुवारपासून नैराश्याची गोळी बंद. एसएसआरआय गटातलंच एस्सिटालोप्राम शरीरात निम्मं व्हायलाच सव्वा दिवसाच्या आसपास लागतो, फ्लुओक्सेटिनचा अंश तर आठवडेच्या आठवडे राहतो. म्हणजे औषध पुरतं जात नाही, आणि काही गोळ्या अचानक थांबवल्याने चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके मात्र सुरू होऊ शकतात.

नावांचा घोळ भोवतो तो इमर्जन्सी वॉर्डात. घाम, थरथर, विस्फारलेल्या बाहुल्या, अस्वस्थपणा ही लक्षणं नुसत्या ‘जास्त झाली’चीही असतात आणि सेरोटोनिन सिंड्रोमचीही, म्हणजे शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक झाल्याचीही. घोट्याला झटका दिल्यावर पाय आपोआप उडत राहणं, स्नायू ताठरणं आणि ताप झपाट्याने चढणं ही दुसऱ्याची खूण. तो ताप स्नायूंच्या अतिश्रमातून येतो, त्यामुळे घरी दिलेली पॅरासिटामॉल तिथे कुचकामी. काही रुग्णांना सायप्रोहेप्टाडिन दिलं जातं. आपल्याकडे घरोघरी ते पोरांची भूक वाढवणारं सिरप म्हणून ओळखीचं आहे. सोबत आलेले मित्र ‘एमडी घेतलंय’ एवढंच सांगतात. पूड की गोळी हे विचारलं जातं, पण घरी रोज सकाळी कुठली गोळी चालू आहे, हे त्या मित्रांनाही बहुधा माहीत नसतं.