पाणी निवळांदे, मगे दिसतला

पौषातली अमावास्या होती. मालवणच्या उत्तरेला एका खडपावर मी दुपारी चारलाच जाऊन बसलो होतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशोब किनाऱ्यावर पोराटोरांनाही पाठ असतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब हटतं आणि एरवी बुडालेली डबकी दोनेक तास उघडी पडतात. अशाच एका डबक्यात मी कॅमेरा बुडवला, एक दगड जरा हलला आणि सगळं पाणी ताकासारखं झालं.

शेजारच्या खडकावर कालवं काढणारी एक काकी होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "झिला, वायच थांब. पाणी निवळांदे, मगे दिसतला."

पाण्याखालच्या छायाचित्रणावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण आमच्या समुद्राला इतका नेमका लागू पडणारा सल्ला मला दुसरा मिळालेला नाही.

मालवणला स्नॉर्केलिंग करून आलेले पुष्कळ जण नाराज असतात. मालदीवच्या, लक्षद्वीपच्या फोटोंतलं निळंशार पाणी डोळ्यांसमोर ठेवून ते उतरतात आणि समोर येतो हिरवट धुरळा. पाणी घाण आहे असा शेरा मारून ते निघून जातात. मला याचं वाईट वाटतं, कारण तो हिरवा रंग म्हणजे समुद्राचं अन्न आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोकणावर जो पाऊस कोसळतो, तो गड, कर्ली यांसारख्या नद्यांतून माती आणि कुजलेल्या पाल्याचा अर्क समुद्रात आणतो. त्याच काळात आणि त्यानंतरही काही दिवस अरबी समुद्राच्या खोल थरांतलं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी तळालगत किनाऱ्याकडे सरकतं. या खतावर सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतीप्लवक, वाढतात. प्लवकांतलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, पाल्याचा पिवळा अर्क उरलासुरला निळाही गिळतो, आणि सर्वांत खोल पोहोचतो तो हिरवा. बांगडा आणि तारली याच प्लवकांवर पोसतात. उष्ण कटिबंधातला निळाशार समुद्र बहुधा उपाशी असतो.

म्हणून मला वाटतं की आपण कॅमेरा घेऊन पाण्यात उतरताना मालदीवऐवजी इंग्लंड-स्कॉटलंडच्या थंड किनाऱ्यांकडे बघावं. तिथलं पाणी असंच हिरवं, प्लवकांनी भरलेलं; कित्येकदा चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. पाण्याखालचं पहिलं मानलं जाणारं छायाचित्र तिथलंच आहे. 1856 साली विल्यम थॉम्प्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने वेमथच्या उपसागरात, सुमारे साडेपाच मीटर खोलीवर, पेटीत बंद केलेला कॅमेरा होडीतून सोडला आणि छायाचित्राची काच दहा मिनिटं उघडी ठेवली. पेटीत पाणी शिरलं, तरी खडक आणि शेवाळाचं अंधूक चित्र उमटलं. पुढे 1893 मध्ये फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ स्वतः पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरला. मॅग्नेशियमची पूड पेटवून पाण्याखाली उजेड पाडण्यापर्यंत त्याची मजल गेली.

त्या गार समुद्रांत शिकलेली गोष्ट एवढीच, की कॅमेरा आणि प्राणी यांच्यामधलं पाणी कमी करायचं.

याचं पहिलं कारण रंग. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं. अगदी शुद्ध पाण्यातही पाच मीटर खाली गेलं की बराचसा लाल संपलेला असतो. जोडीदाराच्या हातातली लाल फीत मातकट दिसते. फ्लॅश त्यासाठीच नेतात. पण फ्लॅशच्या उजेडाला जायचं आणि परत यायचं असं दुप्पट अंतर कापावं लागतं. प्राणी मीटरभर लांब असेल तर दोन मीटर पाणी मधे येतं. वीतभर अंतरावर असेल, तर लाल रंग जवळजवळ शाबूत परत येतो.

दुसरं कारण तो धुरळा. रात्री धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तेच पाण्यात होतं. फ्लॅश भिंगाला चिकटून असेल तर मधला प्रत्येक कण उजळतो आणि चित्रावर पिठी भुरभुरल्यासारखी दिसते. फ्लॅश लांब दांडीवर बाजूला न्यायचा आणि किंचित बाहेरच्या दिशेला वळवायचा. उजेडाच्या झोताची फक्त कड प्राण्यावर पडली पाहिजे, भिंगासमोरचं पाणी अंधारात राहिलं पाहिजे. हे हाताला बसायला मला दोन हंगाम लागले.

आणि डोळा फसतो ते वेगळंच. पाण्यातून मास्कच्या सपाट काचेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी वाटते. जवळ पोहोचलो असं वाटलं की अजून थोडं पुढे जायचं असतं.

काकीच्या सल्ल्याचं भौतिकशास्त्रही सुंदर आहे. कण जितका बारीक तितका तो हळू बसतो, आणि व्यास निम्मा झाला तर बसण्याचा वेग चौथा हिस्सा होतो. वाळू काही सेकंदांत तळ गाठते. गोड्या पाण्यात मातीचा अगदी बारीक कण एक सेंटिमीटर उतरायला पाऊण तास घेईल. पण समुद्राच्या पाण्यात मीठ आहे. मिठामुळे मातीच्या कणांमधलं विद्युतभाराचं अपाकर्षण झाकलं जातं, ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या लवकर खाली बसतात. त्या संध्याकाळी डबकं निवळायला वीसेक मिनिटं लागली असतील. हात पाण्यात ठेवून मी नुसता बसून राहिलो. जानेवारीतही आपला समुद्र पंचविशी-सत्ताविशीच्या खाली फारसा जात नाही, पण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढतं. बोटं वळेनाशी झाली होती.

मग ती दिसली.

दगडाच्या पोटाशी तपकिरी धाग्यांचं एक झुडूप होतं. झाडासारखं दिसलं तरी ती हायड्रॉइड या प्राण्यांची वसाहत असते आणि तिच्या टोकांवर दंशपेशी असतात. त्या धाग्यावर जिऱ्याच्या दाण्याहून जेमतेम मोठी, बिनशंखाची एक सागरी गोगलगाय चढत होती. अंग दुधी, डोक्यावर नारिंगी शिंगांची जोडी, पाठीवर बोटांसारखे झुबके. ही शिंगं म्हणजे तिचं नाक; पाण्यातला वास तिला त्यांनीच कळतो. ती हायड्रॉइड खाते आणि त्यातल्या न फुटलेल्या दंशपेशी न पचवता पाठीवरच्या झुबक्यांच्या टोकांत साठवते. पुढे कुणी मासा तिला तोंडात घ्यायला गेला, तर त्याला तोच उसना डंख बसतो. शंख नसलेल्या या जिवाने आपलं संरक्षण असं जेवणातून मिळवलं आहे.

मी सात चित्रं घेतली. सहा धूसर आली, सातव्यात झुबक्यांच्या आतली तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. पचनसंस्थेचे फाटे थेट झुबक्यांत शिरतात, त्यातलाच हा एक. नुसत्या डोळ्यांनी ती रेघ मला दिसली नव्हती.

असं चित्र तारीख आणि ठिकाणासह जपलं तर ती नोंद होते. मुंबईत 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई ही नागरिकांची चळवळ गिरगाव, हाजी अलीसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर हेच करते आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. पण त्याच्या खडपांत काय काय राहतं हे समजायला ओहोटीला वाकून बघणारे डोळे हवेतच. मात्र उलटलेला दगड जसा होता तसा परत ठेवा, अशी मी हात जोडून विनंती करतो. त्याच्या पोटाशी राहणारे जीव उन्हात काही वेळातच मरतात.

पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला मी पुन्हा त्याच डबक्यापाशी गेलो. काकीही होती, टोपली अर्धी भरलेली. या वेळी मी दगडाला हात न लावता बाजूने वाकलो. हायड्रॉइडचा अर्धा भाग खाऊन बोडका झाला होता आणि त्याच्या बुडाशी पांढऱ्या दोऱ्याची बारीक गुंडाळी चिकटलेली होती. ती अंडी होती. मी काकीला बोलावलं. तिने मांडीवर हात टेकून बराच वेळ पाण्यात पाहिलं, आणि आपली टोपली उचलून पलीकडच्या खडकावर कालवं काढायला गेली.