खानावळीच्या वहीपासून ॲपच्या करारापर्यंत : बेळगावच्या हॉटेलांचा बदलता व्यवहार

बेळगावच्या खानावळीत करार होता, पण तो कागदावर नव्हता. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, गावाला गेलात की आदल्या दिवशी सांगायचे, मालक वहीत खाडा मांडणार आणि पुढच्या महिन्यात तेवढे पैसे वळते करणार. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ या भागांत चंदगड, आजरा, गडहिंग्लज, खानापूरकडून शिकायला आलेली मुले अशाच खानावळींवर वाढली. कोणाला दोन भाकऱ्या लागतात, कोण गुरुवार धरतो, कोणाच्या घरून पैसे उशिरा येतात, हे मालकाला किंवा मावशींना पाठ असायचे. पुढे कॅम्प आणि कॉलेज रोडवरच्या हॉटेलांनी फोनवर पार्सल घ्यायला सुरुवात केली तेव्हाही नाव, पत्ता आणि नंबर हॉटेलच्याच वहीत राहत होता. आज जेवण पोचवणाऱ्या ॲपशी हॉटेलांचा जो वाद चालू आहे तो वरवर कमिशनचा दिसतो. माझ्या मते तो मुळात या वहीचा आहे.

ॲपचा इतिहास फार जुना नाही. ‘फूडीबे’ या नावाने २००८ साली हॉटेलांची मेन्यूकार्डे इंटरनेटवर टाकणारी एक साइट सुरू झाली. २०१० मध्ये तिचे नाव झोमॅटो झाले. तेव्हा ती जेवण पोचवत नव्हती, हॉटेलांकडून जाहिरातीचे पैसे घेत होती. २०१४ मध्ये बेंगळुरूत स्विगी सुरू झाली ती स्वतःचे डिलिव्हरी बॉय घेऊनच, आणि २०१५ मध्ये झोमॅटोही त्या धंद्यात उतरली. २०१७ मध्ये उबर ईट्स भारतात आली आणि जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोने तिचा इथला धंदा विकत घेतला. तेव्हापासून मैदानात मोठे गडी दोनच उरले. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने ही तारीख महत्त्वाची आहे. विकत घेणारे तीन-चार असतात तेव्हा भाव मागता येतो. दोघेच उरले की समोरचा देईल तो भाव घ्यावा लागतो. बाजार समितीत कांदा घेऊन गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मोठ्या शहरांत पाय रोवल्यावर २०१८-१९ च्या सुमारास दोन्ही कंपन्या मधल्या शहरांकडे वळल्या. त्या लाटेत बेळगावही आले. सुरुवातीला हॉटेलांना ते सोयीचे वाटले आणि ते खोटे नव्हते. कमिशन हलके होते, सवलतीचा मोठा वाटा कंपनी स्वतः उचलत होती, आणि पावसाळ्यात बेळगावचा माणूस घराबाहेर पडत नाही तेव्हाही भटारखाना चालू राहत होता. मग २०२० चा मार्च आला. बसून जेवणे बंद झाले, विद्यार्थी गावाला गेले, खानावळी ओस पडल्या. तोवर लांब राहिलेल्यांनीही त्या काळात नाव नोंदवले, कारण शेगडी पेटती ठेवायला तो एकच रस्ता उघडा होता. अशा वेळी कोणी अटी वाचत नाही.

या करारांचा सगळ्यात मोठा बदल बहुतेकांच्या लक्षात उशिरा आला. पूर्वी आकडा एकच असायचा, कमिशनचा. आता कमिशन, त्यावरचा जीएसटी, सवलतीतला हॉटेलचा वाटा, ॲपवर वर दिसण्यासाठीची जाहिरात, ऑर्डर बिघडली तर होणारी वजावट, असे आकडे वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी कापले जातात. एक हिशेब मांडून बघू. समजा ३०० रुपयांची ऑर्डर आहे. हॉटेलने आपल्या बाजूने ६० रुपये सवलत दिली, राहिले २४०. कमिशन २२ टक्के धरले तर ५२ रुपये ८० पैसे गेले, त्यावर १८ टक्के जीएसटीचे साडेनऊ रुपये. जाहिरातीचे दर ऑर्डरमागे १५ पडले, डबे-पिशवीचे १२. हातात राहिले दीडशेच्या आसपास, आणि त्यातून मटण, तेल, गॅस, आचारी, जागेचे भाडे भागवायचे. टक्का हॉटेलागणिक बदलतो, पण कापण्याची रीत हीच.

कराच्या बदलांनीही हा हिशेब हलवला. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे कमिशनवरचा १८ टक्के कर हॉटेलच्या अंगावरच राहतो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून गेलेल्या जेवणाचा ५ टक्के कर भरण्याची जबाबदारी ॲप कंपन्यांवर आली. वार्षिक उलाढाल कमी म्हणून ज्या छोट्या खानावळीला जीएसटी नोंदणीची गरजच नाही, तिची थाळीही ॲपवरून मागवली की करात येते. हॉटेलचे पैसे देताना ॲप आधीच कापून घेते ती आयकराची १ टक्का कपात ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाली होती, ती ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्क्यावर आली. पैसे अडकून पडणाऱ्या छोट्या दुकानाला हा खरा दिलासा होता.

सीमाभागात यात आणखी एक पदर आहे. कर्नाटकातली निपाणी आणि महाराष्ट्रातले कागल यांच्यात वीसेक किलोमीटर अंतर, दोन्हीकडचा तांबडा रस्सा सारखाच. पण निपाणीच्या हॉटेलवाल्याने कागलला शाखा काढली तर जीएसटीची नोंदणी दुसऱ्या राज्यात वेगळी करावी लागते, आणि ॲपवरचे हिशेबही दोन होतात. २०२५ मध्ये कर्नाटकाने गिग कामगारांच्या, म्हणजे ॲपवरून सुटे काम घेणाऱ्यांच्या, सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. त्यात कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्क्यांच्या मर्यादेत कल्याण शुल्क कंपन्यांकडून घेण्याची तरतूद आहे. उन्हातान्हात गाडी मारणाऱ्या पोरांना हे मिळायलाच हवे. मात्र हा बोजा फिरून हॉटेलच्या वजावटीत येऊ नये यावर हॉटेलवाल्यांनी डोळा ठेवला पाहिजे.

दुसरा पदर भाषेचा. करार इंग्रजीत असतो आणि सही म्हणजे मोबाइलवर केलेली एक खूण. अटी बदलल्या की सूचना येते. ती आली तेव्हा मालक कढईपुढे असतो. परक्या भाषेतला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची सवय इथल्या मराठी माणसाला जुनी आहे. शेतीच्या उताऱ्यासाठी कन्नड जाणणारा शेजारी गाठायचा, तसा ॲपच्या करारासाठी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा पुतण्या. पण उतारा वर्षातून एकदा लागतो. हा करार धंदा चालू असताना मध्येच बदलतो, आणि पुतण्या त्या वेळी पुण्याला असतो.

देशभरातल्या हॉटेलांचा विरोध उघडपणे दिसला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. गुरुग्रामच्या हॉटेलांनी झोमॅटो गोल्डसारख्या मोठ्या सवलतीच्या योजनांतून नाव काढून घ्यायला सुरुवात केली आणि ‘लॉगआउट’ मोहीम इतर शहरांत पसरली. तो वाद बसून जेवण्यावरच्या सवलतींचा होता. डिलिव्हरीचा मुद्दा नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेला. जादा कमिशन, ग्राहकाची माहिती न देणे, एकाच ॲपवर राहण्याची अट अशा अनेक तक्रारी त्यात होत्या. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला, त्यात दोन गोष्टींवर भर होता : हॉटेलने दुसरीकडे स्वस्त विकू नये अशी किमतीची अट, आणि ॲप कंपन्यांचे स्वतःचे हितसंबंध असलेल्या किचनना झुकते माप मिळते का हा प्रश्न.

किमतीच्या अटीचा अर्थ आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवा. फोन करून थाळी नेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला दहा रुपये कमी लावणे ही आपल्या बाजारपेठेची रीत आहे. खडेबाजारात कोणताही दुकानदार ती पाळतो. अशा अटीत नेमकी तीच रीत अडकते.

पर्यायही उभे राहत आहेत. वेगवेगळी ॲप आणि विक्रेते एकमेकांना जोडणारे, सरकारी पाठबळाचे ओएनडीसी जाळे सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत लोकांसाठी खुले झाले. २०२५ मध्ये बाइक-टॅक्सी चालवणाऱ्या रॅपिडोने तिथेच टक्केवारीऐवजी ठरावीक शुल्क घेणारी सेवा चाचणीसाठी आणली. ठरावीक शुल्काची पद्धत मला न्यायाची वाटते, कारण बिर्याणी दोनशेची असो की पाचशेची, गाडीला पेट्रोल तेवढेच लागते.

आणि वहीचे काय? ॲपवर ऑर्डर येते तेव्हा हॉटेलला पदार्थ कळतो, जेवणारा कळत नाही. त्याचा खरा नंबर मिळत नाही. रोज रात्री तीच भाजी मागवणारा माणूस आठ दिवस दिसला नाही तर तो आजारी आहे, गावाला गेलाय की शेजारच्या हॉटेलकडे वळलाय, हे मालकाला समजायला मार्ग नाही. ॲप सोडायचे ठरवले तर पाच वर्षे ज्यांना जेवू घातले त्यांना ‘आम्ही इथेच आहोत’ एवढेही कळवता येत नाही. म्हणून कमिशन वाढले तरी हॉटेलवाला राहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये झोमॅटोने ग्राहकाची संमती असेल तर त्याचा नंबर हॉटेलला द्यायची तयारी दाखवल्याच्या बातम्या आल्या. असोसिएशनची ही मागणी कित्येक वर्षांची होती. आता पुढचा भाग जेवणाऱ्याच्या हातात आहे. ऑर्डर देताना संमतीचा तो चौकोन समोर आला तर त्यावर खूण करावी, आणि खानावळ गल्लीतलीच असेल तर एखाद्या वेळी थेट फोन करून पार्सल आपणच जाऊन आणावे.